एकशे तेवीस चमचे

आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झाले होते. ८ जुलै, मंगळवार. रात्री दीडच्या सुमारास चिमी रडत उठली आणि बायकोने दिवा लावला तर दुपटं पार भिजलेलं. शी म्हणावी तर शी नाही, नुसतं पिवळसर पाणी. सकाळपर्यंत तसं आणखी तीनदा झालं, एकदा उलटीही झाली. चिमी तेव्हा तेरा महिन्यांची होती.

माझ्या आईचं निदान चहाच्या आधीच तयार होतं. "दात ई ऱ्हायनात तिले. तू बी असाच करे." वर मीठ-मिरची ओवाळून दृष्टही काढून झाली. मी हसलो नाही, कारण माझं निदान तिच्यापेक्षा फार शहाणपणाचं नव्हतं. मला वाटलं, एकादशीच्या उपासाला केलेली साबुदाण्याची खिचडी कुणीतरी तिला चारली असणार.

मी अमळनेरकडच्या एका गावात सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचे दाखले, पीक विमा, असले लोकांचे अर्ज दिवसभर भरत असतो. कुठल्या कामाला कोणता कागद लागतो हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. पण पोरीला जुलाब लागले तर पहिल्या दिवशी काय करायचं, हे ठाऊक नव्हतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवतोय, चुकांसकट.

बुधवारी सकाळी मेडिकलवाल्याकडून सफरचंदाच्या चवीची, वर मोठ्या अक्षरात ओआरएस लिहिलेली तीन खोकी आणली. १०५ रुपये. चिमीला ते गोड पाणी फार आवडलं, गटागटा प्यायली, आणि अर्ध्या तासात दुप्पट जोरात शी. मी म्हटलं, आजारच जोरात आहे. दुपारी तालुक्याला एका खासगी दवाखान्यात नेलं. नाव लिहीत नाही. तपासणी दोन मिनिटांची, फी ३००. अँटिबायोटिकचं एक सिरप, उलटीचं एक, शी घट्ट होण्याचं एक, शिवाय शी तपासून आणायची चिठ्ठी. औषधं ६२० रुपये, तपासणी २००. ओआरएसचं काहीच सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दिवसभरात अकरा वेळा झालं. बायको कॅलेंडरवर रेघा ओढत होती म्हणून आकडा पक्का आहे. ही सवय लावून घ्या. पुढे प्रत्येक डॉक्टरने पहिला प्रश्न हाच विचारला: चोवीस तासांत किती वेळा, आणि शेवटची लघवी कधी. लघवीचा हिशोब आम्ही ठेवलाच नव्हता.

त्या रात्री मी सर्वांत मोठी चूक केली. आशाताईंनी पावसाळ्याच्या सुरुवातीला घरोघर वाटलेली ओआरएसची पुडी डब्यात होती. ती फोडून मी पेलाभर पाण्यात ढवळली आणि पाजायला लागलो. मेडिकलमध्ये मिळणारी छोटी पुडी पेलाभर पाण्याची असते, चारेक ग्रॅमची. ही मात्र मोठी, एका लिटरची. दोन्हींवर लिहिलेलं असतं, पण रात्री अकराला, वीज गेलेली, पोरगी कडेवर, कोण वाचतं? चिमीने दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं आणि थुंकली. बरं झालं थुंकली. मी चव घेतली तर समुद्राचं पाणी.

गुरुवारी पहाटे पाचला ती रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. हे मला आधी कळलंच नाही. बायको म्हणाली, "हिचे डोळे बघा ना, आत गेले." मोबाइलच्या टॉर्चमध्ये डोळे खरंच खोबणीत गेल्यासारखे दिसत होते. ओठ कोरडे, लंगोट रात्री नऊपासून कोरडा. पाण्याचा पेला दिसला की झडप घालायची. मोटारसायकल काढली, बायको मागे, चिमी दोघांच्या मध्ये, वरून रेनकोट. १०८ ला फोन करायला हवा होता. त्या वेळी सुचलं नाही.

या वेळी सरकारी रुग्णालयात गेलो. खरं सांगायचं तर तोपर्यंत खिशात फारसं काही उरलं नव्हतं. तिथे केसपेपर फुकट निघाला. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, हे मी स्वतः केंद्रावर दहा जणांना सांगितलेलं आहे, तरी आदल्या दिवशी बाराशे रुपये बाहेर उधळून आलो होतो. सकाळी सहाला खिडकी उघडलेली नसते. अशा वेळी थेट अपघात विभागात जायचं, तिथे केसपेपर काढून देतात. आयुष्मान कार्ड आणलं का, असं रांगेतल्या एकाने मला दटावून विचारलं. ते इथे लागत नाही. सोबत हवं ते माता-बाल संरक्षण कार्ड, कारण त्यावर मागचं वजन असतं आणि लशींच्या तारखा असतात. आणि केसपेपरवरचं नाव तिथल्या तिथे वाचून घ्या. आमचं आडनाव चुकलं होतं, मी लगेच दुरुस्त करून घेतलं. डिस्चार्ज कार्डावर चूक उतरली की ती दुरुस्त करायला माझ्यासारख्याकडेच चकरा माराव्या लागतात.

ड्यूटीवर तरुण मॅडम होत्या. त्यांनी चिमीच्या पोटावरची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरली आणि सोडली. कातडी लगेच सपाट झाली नाही, हळू गेली. "हे बघितलंत?" मग वजन: ८ किलो २०० ग्रॅम. कार्डावर पंधरा दिवसांपूर्वीचं ८ किलो ७००. म्हणजे पोरीच्या अंगातून अर्धा लिटर पाणी गेलं होतं. ऐकून माझे हात गार पडले.

"मॅडम, सलाईन लावा ना लवकर," मी म्हणालो. आमच्याकडे सलाईन लावलं म्हणजे उपचार झाला. बाटली लटकली नाही तर माणूस घरी येऊन म्हणतो, डॉक्टरने काही केलंच नाही. मॅडम म्हणाल्या, "पोरगी पितेय ना? मग सुई कशाला? ती पिऊ शकली नसती, निपचित असती, तर एक मिनिट थांबले नसते." आणि कागदावर गुणाकार करून दाखवला. किलोला ७५ मिली, ८.२ किलो, म्हणजे ६१५ मिली. चार तासांत. चमच्याने.

मग पुडी कशी कालवली होती ते विचारलं. मी खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, नर्सला म्हणाल्या, "रोज एक तरी असा येतो." मीठ जास्त झालं तर उलट मेंदूवर जातं, हे मात्र स्पष्ट सांगितलं. पुडी अर्धी करायची नाही, पेल्यात अंदाजाने टाकायची नाही, दुधात किंवा सरबतात मिसळायची नाही. पूर्ण पुडी, एक लिटर प्यायचं पाणी, आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. त्या गोड खोक्याबद्दलही तिथेच कळलं. आतड्यात साखर मिठाचा हात धरून आत शिरते आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. खऱ्या ओआरएसच्या लिटरला ग्लुकोज असतं १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, हे माप त्यासाठीच ठरलेलं. साखर त्याच्या कितीतरी पट झाली की ती उलट शरीरातलंच पाणी आतड्यात ओढते. म्हणजे बुधवारी १०५ रुपये देऊन मी जुलाब वाढवले होते. दिवाळीच्या तोंडावर बातमी वाचली की अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. आमच्यासाठी तीन महिने उशीर झाला, पण ठीक आहे.

ओआरएस कॉर्नर म्हणजे वॉर्डाच्या टोकाला एक टेबल, पाण्याचा माठ, मापाचं भांडं, वाटी आणि चमचा. चमचा ५ मिलीचा. ६१५ भागिले पाच, एकशे तेवीस चमचे. चार तासांत, म्हणजे दोन मिनिटांना एक. मी मोबाइलवर दोन मिनिटांचा गजर लावला आणि सकाळी सातला सुरुवात केली.

पहिले दहा चमचे मजेत गेले. अकराव्याला तिने सगळं उलटून टाकलं, माझ्या शर्टावर. मला वाटलं, गेलं, आता सलाईनच. नर्स म्हणाली, "दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा, आणखी हळू." थांबलो. पुन्हा सुरू. मधे बायको अंगावर पाजत होती, ते बंद करायचं नाही असं सांगितलं होतं. चाळिसाव्या चमच्याच्या आसपास चिमीने चमचा हातात धरायचा हट्ट धरला, तर अर्धं तिच्या नाकात, अर्धं झबल्यावर, तेवढं पुन्हा मोजायचं. शेजारच्या खाटेवरची आजी मला मघापासून बघत होती. म्हणाली, "बाप पाजी ऱ्हायना का?" आणि पदर तोंडाला लावला. बायकोने मान खाली घातली, पण हसली. दोन दिवसांतलं तिचं ते पहिलं हसू.

नव्वदाव्या चमच्याला मांडीवर ऊब लागली. लघवी! माझी पँट पूर्ण भिजली होती आणि मी ओरडून नर्सला सांगितलं. लोक वळून बघायला लागले.

साडेअकरापर्यंत, थोड्या उशिरा, माप संपलं. मॅडमनी पुन्हा चिमटी घेतली, या वेळी कातडी टणकन बसली. डोळ्यांत पाणी, तेही भरपूर, कारण आता तिला मॅडमच्या गळ्यातलं ते यंत्र हवं होतं. तरी त्या रात्री ठेवून घेतलं. खाट मिळाली, जेवण मिळालं, डास मात्र घरून न्यावे लागत नाहीत. मच्छरदाणी न्या. रात्री वेळ जाईना म्हणून मोबाइलवर वाचत बसलो. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसं मरत होती, सलाईन संपत आलं होतं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये मीठ-साखरेचं पाणी कालवून नातेवाइकांच्याच हाती पाजायला दिलं. मृत्यूचं प्रमाण शंभरात तीसच्या घरातून चारच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आणि मी सकाळी सलाईनसाठी हात जोडत होतो.

शुक्रवारी, ११ तारखेला सकाळी दहाला सोडतो म्हणाले, कागद हातात यायला दीड वाजला. अँटिबायोटिक बंद करायला सांगितलं: शीमध्ये रक्त नाही, पाण्यासारखे जुलाब बहुतेक विषाणूचे, त्यांना ते लागत नाही. शी घट्ट करायचं औषध तर लहान मुलांना द्यायचंच नाही. रोटाव्हायरसच्या तिन्ही लशी कार्डावर होत्या, मग का झालं, असं मी विचारलं. ती लस एका विषाणूचा जोर मोडते, बाकीच्यांना दार उघडंच असतं. खासगी लॅबचा रिपोर्ट त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर आला. कुणी बघितलाही नाही.

घरी द्यायचं ते एवढंच: प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप ओआरएस, आणि झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, चौदा दिवस. गोळी चमचाभर पाण्यात टाकली की विरघळते. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, तेवढ्यापुरतं. आणि परत कधी आणायचं तेही लिहून दिलं: पिणं सोडलं, सगळंच उलटून पडायला लागलं, शीत रक्त दिसलं, पोर सुस्तावलं, सहा-आठ तास लघवी नाही, किंवा ताप चढला तर.

मला वाटलं होतं घरी गेलो म्हणजे जुलाब थांबलेले असतील. नव्हते. शनिवारी सहा, रविवारी पाच. आई रोज सकाळी "काय दवाखाना व्हयना तुमना" म्हणून टोमणा मारायची. आशाताई आल्या तेव्हा त्यांनीच तिला समजावलं की जुलाब आपल्या वेळेने थांबतात, आपण फक्त गेलेलं पाणी भरत राहायचं. मग मला म्हणाल्या, "आनि भाऊ, आखं पुडकं एक लिटरमा टाकनं पडस." म्हणजे बातमी दवाखान्यातून गावात पोहोचली होती.

लिटर मोजायचा कसा, हाही प्रश्नच होता. घरात तांबे चार, सगळे वेगळे. बाजारच्या पाण्याची एक लिटरची बाटली एका स्टीलच्या तांब्यात ओतली आणि बायकोने पाणी आलं तिथे आतून नखाने खूण केली, बाहेरून नेलपॉलिशची लाल रेघ. तो तांब्या ओआरएसचाच, दुसऱ्या कशाला घ्यायचा नाही.

खाण्यावरून घरात दोन तट. आईचं म्हणणं, पोटाला आराम द्या, नुसतं पाणी पाजा. कागदावर मात्र लिहिलेलं, खाणं चालू ठेवा, बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. शेवटी केळ्यावर तह झाला. केळीचं रावेर-यावल आपल्याच जळगाव जिल्ह्यात असताना केळ्याला कोण नाही म्हणणार? कुस्करलेलं केळं, मुगाची मऊ खिचडी, दहीभात. मंगळवारी, १५ तारखेला, शी घट्ट झाली आणि आईने देवापुढे साखर ठेवली. झिंक तेव्हा बंद करावंसं वाटतं, सगळ्यांनाच. आम्ही २३ जुलैपर्यंत पुरं केलं. पुढचे दोन-तीन महिने परत होण्याची शक्यता त्याने कमी होते, असं मॅडमनी बजावलं होतं.

दरम्यान आशाताईंच्या वहीत आमच्या गल्लीतली आणखी पाच घरं चढली होती. गल्लीला पाणी चौथ्या दिवशी येतं. व्हॉल्व्हजवळ पाइप गटारातून गेलाय आणि तिथे गळती आहे, हे सगळ्या गल्लीला दोन वर्षांपासून माहीत होतं. पाणी चालू असताना ते बाहेर गळतं, तेव्हा नुसती चिडचिड. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि त्याच भोकातून गटार आत ओढलं जातं. त्यात नळाला थेट मोटर लावली की ओढ आणखी वाढते. गल्लीत सात जणांनी नळाला मोटर लावली होती. त्यातली एक माझी.

१४ जुलैला, सोमवारी, मोटर काढली आणि मग ग्रामपंचायतीत अर्ज दिला. या क्रमाने केलं, नाहीतर कुणीतरी तोंडावर विचारलंच असतं. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर उभे राहा. मी वीस मिनिटं उभा होतो. अर्जात मागण्या तीनच: गळती दुरुस्ती, नळाच्या शेवटच्या टोकाला क्लोरीन तपासणी, पाण्याचा नमुना प्रयोगशाळेला. पुढचं पाणी आलं तेव्हा पाणीपुरवठा कर्मचाऱ्याने आमच्या नळाच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन ओळखायच्या रसायनाचे, थेंब टाकले. क्लोरीन असलं तर पिवळा रंग यायला हवा. पाणी स्वच्छ पांढरंच राहिलं. मी खूश होणार होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "टीसीएल पोचतच नाही इथपर्यंत." टीसीएल म्हणजे पाण्यात टाकतात ती क्लोरीनची पावडर.

नमुना बुधवारी, १६ तारखेला घेतला. घरच्या बाटलीत भरून नेलेलं चालत नाही, प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली लागते, नळाचं तोंड आधी तापवतात आणि बाटली थंड ठेवून लगेच पोहोचवतात. २२ ला अहवाल आला: पिण्यास अयोग्य. तो शब्द हातात पडला आणि कामाला वेग आला. वेग म्हणजे तरी गळती दुरुस्त व्हायला ४ ऑगस्ट उजाडला. मधल्या काळात आम्ही पाणी उकळत होतो, खळखळून. सिलिंडर आठ दिवस आधी संपला. माठात हात न बुडवता लांब दांड्याचं ओगराळं वापरायचं, हे बायकोने दवाखान्यातून आल्याच दिवशी सुरू केलं होतं. हौद दोनदा धुतला. तळाशी जे निघालं त्याचं वर्णन करत नाही.

मोटर माळ्यावर आहे. पाणी आता कमी दाबाने येतं, हौद भरायला दीड तास लागतो आणि बायको रोज तो दीड तास मला ऐकवते. ऑक्टोबरमध्ये चिमीचं वजन ९ किलो १०० भरलं.

गेल्या आठवड्यात समोरच्या काकूंच्या नातवाला जुलाब लागले. त्या पुडी घेऊन आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, तो लाल रेघेचा तांब्या द्या. दिला. नातू आता बरा आहे, अंगणात खेळताना दिसतो. तांब्या मात्र तिथून पुढे कुठल्या घरी गेलाय, ते अजून शोधतोय.